सही माझी, तारीख त्यांची

घटस्फोट झाला की बायकोला नवऱ्याची अर्धी प्रॉपर्टी मिळते असं आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं, मला पण कितीतरी जणींनी तेच सांगितलं, की तुझं काय बाई, एवढं मोठं घर, अर्धं तर येणारच. असं काही नसतं. गोवा सोडलं तर आपल्याकडं लग्न झालं म्हणून मालमत्तेत आपोआप वाटा असा कायदाच नाही. जे नवऱ्याच्या नावावर ते नवऱ्याचं, जे सासूच्या नावावर ते सासूचं, एचयूएफचं, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचं, ते एचयूएफचं. बायकोला मिळते पोटगी, तिचं स्त्रीधन आणि राहायला छप्पर, आणि कोर्टानं हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली एकरकमी काही ठरवलं तर ते, पण तो वाटा नसतो, दोघांची परिस्थिती बघून ठरवलेली रक्कम असते. मला जे मिळालं ते बायको म्हणून कमी आणि भागीदार म्हणून जास्त मिळालं. हे कसं झालं ते नीट लिहायचंय, कारण सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यात कितीतरी घरांत बायकांची नावं फर्मला लावलेली आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

नावं कुणाचीच लिहीत नाही. तडजोडीत तशी अट आहे आणि पोरगं मोठं होतंय, त्यानं उद्या हे वाचलं तर त्याला बापाची लाज वाटायला नको.

माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागायतदार. चिंतामणराव कॉमर्सला बीकॉम केलं आणि लग्न सांगलीत. सासरी मार्केट यार्डात हळदीची अडत, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, बागा, पुण्यात फ्लॅट. जुनं घराणं, सासऱ्यांच्या वडिलांच्या काळात हरिपूरला हळदीची पेवं होती म्हणे, जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकायची, 2005 च्या पुरात ती सगळी परंपराच संपत आली. सासरे 2011 ला गेले. त्यांच्या जाण्यानं जुनी भागीदारी मोडली म्हणून नवीन डीड, म्हणजे भागीदारीचा करार, झालं, त्यात सासूबाई, मोठे दीर, नवरा आणि मी असे चार भागीदार. माझा वाटा 20 टक्के. माझं नाव घातलं ते टॅक्ससाठी, हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण कायद्याला कारण लागत नाही, त्याला डीड लागतं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, लग्नानंतर दिलेली रक्कम माझं भांडवल म्हणून फर्ममध्ये गेली आणि त्यावर दरवर्षी 12 टक्के व्याज माझ्या खात्याला जमा होत राहिलं, कारण इन्कम टॅक्सला भागीदाराला तेवढंच व्याज खर्च म्हणून धरता येतं. मी त्यातलं कधी काही उचललं नाही. त्यामुळं कागदावर माझा आकडा फुगत गेला, आणि पुढं घरात ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग निघाला तो हाच आकडा.

संसार का मोडला ते इथं लिहिणार नाही. मोडला. 2022 मध्ये मी पोराला घेऊन माहेरी होते तेव्हा नवऱ्याच्या अर्जाची नोटीस आली, कलम 13 खाली, क्रूरतेच्या कारणावरून. त्यात मी सासूला जेवण देत नाही इथपासून मी फर्मच्या हिशोबात ढवळाढवळ करते इथपर्यंत सगळं होतं.

मिरजेच्या एका वकीलबाईंचं नाव मामांनी सुचवलं. त्यांच्याकडं गेलो तर मला वाटलं आता विचारतील मारहाण झाली का, बाहेर काही आहे का. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही लग्नापासून आजपर्यंत कुठं कुठं सह्या केल्यात, आठवेल तेवढं लिहून आणा." मी घरी येऊन वहीत लिहीत बसले. बँकेचे फॉर्म, एलआयसी, लॉकर, दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरला सीएच्या माणसानं आणलेले गठ्ठे, कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या धंद्याच्या कर्जाचं, रिन्यूअल, जीएसटी आला तेव्हाचे कागद, आणि मधूनमधून "हिथं हिथं सही कर" म्हणून आलेले, काही कोरे पण. व्यापारी घरात हे रोजचं आहे, भाकऱ्या थापता थापता हात पुसून सही करायची आणि परत तव्याकडं वळायचं. ती वही मॅडमनी शेवटपर्यंत फाईलला ठेवली.

माझे भाऊ तेव्हा पेटलेले, त्यांचं म्हणणं आधी 498अ, म्हणजे सासरच्या छळाची फौजदारी केस, टाका, सासूला आणि दिराला आत घाला मग येतील जागेवर. मॅडमनी सरळ नाही सांगितलं. मारहाण झालेली नाही, हुंड्याची मागणी झालेली नाही, तर खोटं लिहायचं नाही, एक खोटं सापडलं की खरं पण कोणी मानत नाही. मला ते मनापासून पटलं आणि आजही पटतं. घरगुती हिंसाचार कायद्याखाली मात्र अर्ज केला, कारण त्यात आर्थिक छळ पण येतो आणि कलम 18 खाली जॉइंट लॉकर, जॉइंट खातं यावर कोर्ट बंदी आणू शकतं. ती बंदी आली पण उशिरा आली. बँकेत लॉकर कोणी कधी उघडला त्याचं रजिस्टर असतं, कोर्टाच्या आदेशानं ते आणलं तर घटस्फोटाचा अर्ज दाखल व्हायच्या आदल्याच आठवड्यात नवऱ्याची एन्ट्री. पंचनामा झाला तेव्हा लॉकरमध्ये चांदीची भांडी आणि एक रिकामी पेटी. माझ्या पाटल्या, तोडे, राणीहार सगळं गेलं होतं. स्त्रीधन ही बाईची पूर्ण मालकीची वस्तू, नवऱ्याकडं ती फक्त विश्वासानं ठेवलेली असते, हे सुप्रीम कोर्टानं 1985 सालीच प्रतिभा राणीच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. पण सांगून ठेवलं म्हणून दागिने सापडत नाहीत. लग्नातले फोटो, सराफाच्या पावत्या, व्हिडिओतली एकेक फ्रेम असं सगळं गोळा करून यादी केली. आईनं पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या, तिच्यामुळं ती यादी उभी राहिली.

मग आली पोटगीची भानगड. 2020 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये ठरवून दिलंय की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्ज याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्याआधी नुसतं तोंडी चालायचं, बायको म्हणायची लाखो कमावतो आणि नवरा म्हणायचा मी बेकार आहे. आमच्या नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र आलं, त्यात महिन्याचं उत्पन्न साठ हजाराच्या आसपास. दारात दोन मोठ्या गाड्या, पोराची फी तेवढी, आणि उत्पन्न साठ हजार! मला वाटलं सरळ खोटं आहे. पण ते रिटर्नला जुळत होतं, आणि इथं मला पहिल्यांदा माझं बीकॉम उपयोगी पडलं.

हे नीट समजून घ्या, ज्यांच्या घरी फर्म आहे त्यांनी तर नक्कीच. फर्मचा नफा झाला की टॅक्स फर्म भरते, म्हणून भागीदाराच्या हातात आलेला नफ्याचा वाटा त्याच्या रिटर्नमध्ये करमुक्त धरतात, 1961 च्या आयकर कायद्यात ते कलम 10 मधल्या 2अ खाली होतं. त्यामुळं माणसाचं करपात्र उत्पन्न दिसतं फक्त पगार आणि व्याज. वर शेतीचं उत्पन्न, ते पण करमुक्त आणि तेही एचयूएफच्या नावानं. म्हणजे रिटर्न खरं असून चित्र खोटं. खरं चित्र बघायचं असेल तर फर्मच्या ताळेबंदाला जोडलेलं भागीदाराचं भांडवल खातं बघायचं, त्यात वर्षभरात त्यानं घरखर्चाला किती उचल केली ते दिसतं. ती उचल आम्ही मागितली. मॅडमनी अर्ज दिला की पाच वर्षांची खातेवही आणि ताळेबंद हजर करा.

त्यावर उत्तर आलं की ऑगस्ट 2019 च्या महापुरात गणपती पेठेतल्या जुन्या ऑफिसात पाणी शिरलं आणि आधीची सगळी दप्तरं वाहून गेली.

ज्यांनी 2019 बघितलंय त्यांना हे खोटं म्हणणं किती अवघड आहे ते कळेल. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलेलं, अर्धी सांगली पाण्याखाली, माणसं छपरावर, दुकानंच्या दुकानं चिखलानं भरलेली. आमच्या ऑफिसात पाणी आलं हे खरंच होतं, मी स्वतः नंतर तिथला चिखल काढायला होते. कोर्टात कोणी म्हणलं की पुरात गेलं तर जज्जसाहेब पण मान हलवतात, कारण कोर्टात बसलेल्या प्रत्येकाचं काही ना काही त्या पुरात गेलंय. म्हणूनच मला त्या उत्तराचा राग जास्त आला. लोकांचं खरं दुःख उचलून त्याच्या आड हिशोब लपवायचा.

पण पूर आला तसा पुराचा विमा पण आला होता. माल भिजल्याचा क्लेम टाकलेला, आणि क्लेम टाकायचा तर विमा कंपनीला आधीच्या महिन्यांचं स्टॉक स्टेटमेंट, खरेदी-विक्रीचे उतारे, मागचे ताळेबंद द्यावे लागतात. दप्तर वाहून गेलं असेल तर पूर ओसरल्यावर हे उतारे आले कुठून? तर सीएकडच्या कॉम्प्युटरमधून, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या बॅकअपमधून. मॅडमनी विमा कंपनीला समन्स काढून क्लेमची फाईल मागवली. फाईल आली, त्यात सगळं होतं, सर्व्हेयरच्या रिपोर्टसकट. त्या दिवशी त्यांचे वकील फार बोलले नाहीत. अंतरिम पोटगी मग बरी लागली, आणि अर्ज केल्या तारखेपासून लागली, तेही रजनेशच्याच निकालामुळं.

खरी लढाई मात्र दुसऱ्या दाव्यात झाली. घटस्फोटाच्या अर्जाला समांतर आम्ही दिवाणी कोर्टात भागीदारी विसर्जनाचा आणि हिशोबाचा दावा लावला. डीड जुन्याच टायपिंगच्या मसुद्यावरून उतरवलेलं होतं, त्यात लवादाचं कलमच नव्हतं, नाहीतर आम्हाला कोर्टाबाहेर लवादाकडं जावं लागलं असतं. अजून एक सांगते, 1994 च्या शासनाच्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्तेचा वाद अशा प्रकरणात बायकांना कोर्ट फी माफ आहे. त्यांच्या बाजूनं हा धंद्याचा दावा आहे, माफी लागू नाही असा आक्षेप आला आणि त्यावर पण युक्तिवाद झाला, शेवटी आमच्या बाजूनं गेलं.

दाव्याबरोबर निशाणी पाचचा अर्ज असतो, तूर्त मनाईसाठी. की दावा चालेपर्यंत फर्मची मिळकत विकू नये. पहिल्या दिवशी साहेबांनी मनाई दिली नाही, समोरच्यांना नोटीस काढली. हे नेहमीचं आहे, पण त्या काळात मला रात्री झोप लागायची नाही, कारण कोल्ड स्टोरेजचा प्लॉट सातबाऱ्यावर नवरा आणि दीर यांच्याच नावाचा. पैसे फर्मचे, ताळेबंदात मिळकत फर्मची, आणि भागीदारी कायद्याच्या कलम 14 प्रमाणे फर्मच्या पैशातून घेतलेली मिळकत फर्मचीच धरतात, पण खरेदी घेणारा सातबारा बघतो.

आणि तेच झालं. एका सकाळी मामांचा फोन, पेपर बघितलास का. आतल्या पानावर वकिलाची जाहीर नोटीस, अमुक गट नंबर, अमुक क्षेत्र, कोल्ड स्टोरेजच्या इमारतीसह, आमच्या पक्षकारांनी खरेदी करायचं ठरवलं आहे, कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावे. गट नंबर वाचून माझे हातपाय गार पडले. त्या नोटिशीवर पंधरवडाभराची मुदत असते, पण खरेदीखत करायला मुदत संपायची वाट बघायलाच पाहिजे असं काही नाही. मामांनी चौकशी केली तर मुद्रांक भरून झालेला.

तो शुक्रवार होता. मॅडमनी सकाळीच विजयनगरला कोर्टात तातडीचा अर्ज तयार केला, पेपरचं कात्रण, ताळेबंद, सातबारा जोडून. मी बाहेर व्हरांड्यात. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, मोठा, पुकारा होईना, जेवणाची सुट्टी झाली, दुपारचं सत्र सुरू झालं, दुसऱ्याच्या केसची साक्ष लांबत चाललेली आणि माझ्या डोक्यात एकच, की आत्ता या घटकेला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात कोणी अंगठा देत असेल का. संध्याकाळी अगदी उठायच्या आधी साहेबांनी ऐकलं आणि तूर्तातूर्त मनाई हुकूम दिला, पुढच्या तारखेपर्यंत मिळकत हस्तांतरित करू नये. त्याची नक्कल हातात पडेपर्यंत ऑफिसं बंद. मग त्याच रात्री हुकमाची माहिती नवऱ्याला, दिराला आणि त्या खरेदीदाराच्या वकिलाला व्हॉट्सअपवर, ईमेलवर पाठवली, आणि खरेदीदाराच्या वकिलाला मॅडमनी स्वतः फोन केला. खरेदीदार शहाणा निघाला. कोर्टात अडकलेली जमीन कोणाला नको असते. सोमवारी दाव्याची नोटीस निबंधक कार्यालयात नोंदवायला टाकली, म्हणजे पुढं कोणी सर्च काढला तर त्याला दावा दिसावा.

आता मनाई उठवायला त्यांना काहीतरी मोठं आणायला लागणार होतं. ते त्यांनी कैफियतीबरोबर, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराबरोबर, आणलं.

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर निवृत्तीपत्र. त्यात मी, म्हणजे चौथी भागीदार, राजीखुशीनं फर्ममधून निवृत्त होते, माझं सगळं भांडवल रोखीनं मिळालं, आता माझा फर्मवर कसलाही हक्क राहिला नाही. खाली माझी सही. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. तारीख 31 मार्च 2020.

मॅडमनी कागद पुढं सरकवला आणि विचारलं, "सही तुमची आहे का? मला खोटं सांगू नका." मी बघितलं. सही माझीच होती. वळण, खालची रेघ, सगळं माझं. वहीत लिहिलेले ते कोरे कागद आठवले. बाजूला बसलेले भाऊ म्हणाले नाही म्हणून टाकायचं, हस्ताक्षर तज्ज्ञाकडं जाऊ दे. मॅडम म्हणाल्या तज्ज्ञ सांगेल सही हिचीच, मग केस तिथंच संपली. आपण सही कबूल करायची, मजकूर आणि तारीख नाकारायची. पण सही कबूल केली की ओझं आपल्यावर येतं, सही असलेला माणूस मजकूर माहीत नव्हता म्हणतो तर ते त्यानं सिद्ध करायचं. त्या रात्री घरी कोणी जेवलं नाही. आप्पा एवढंच म्हणाले, खरं आहे ते कबूल कर, पुढचं बघू.

तारखेवर मात्र आम्ही सगळेच अडखळलो होतो. 31 मार्च ही व्यापाऱ्याच्या हाताला बसलेली तारीख, वर्षअखेर, भागीदार आत घ्यायचा तो 1 एप्रिलला आणि बाहेर काढायचा तो 31 मार्चला. मागची तारीख टाकणाऱ्यानं सवयीनं टाकली. पण साल 2020! 25 मार्चपासून देश बंद. आणि सांगली जिल्हा तर तेव्हा राज्यात गाजत होता, इस्लामपूरला एकाच कुटुंबाच्या संपर्कात पंचवीसेक रुग्ण सापडलेले, सगळं शहर सील, रस्त्यारस्त्यावर बांबू बांधलेले. आणि निवृत्तीपत्रात लिहिलंय, सर्व पक्षकार व साक्षीदार सांगली मुक्कामी समक्ष हजर राहून सह्या केल्या. साक्षीदार नंबर दोनचा पत्ता इस्लामपूरचा.

तरी मॅडम म्हणाल्या नुसत्या लॉकडाऊनवर विसंबायचं नाही, ते म्हणतील मसुदा त्या तारखेचा, सह्या नंतर. आपल्याला असा कागद पाहिजे ज्यात 31 मार्चनंतर त्यांनीच तुम्हाला भागीदार म्हणलंय. मी वही उघडली. कॅश क्रेडिटचं रिन्यूअल! मला पक्कं आठवत होतं की मास्क लावून मी बँकेत गेले होते, मॅनेजरच्या केबिनला प्लास्टिकचा पडदा लावलेला होता, म्हणजे ते कोरोना आल्यावरचंच. बँकेकडं अर्ज केला की मी कर्जदार आहे, मला माझ्या सहीच्या कागदांच्या प्रती द्या. त्यांनी कोर्टाचं पत्र आणा सांगितलं. समन्स निघालं, बँकेचा अधिकारी फाईल घेऊन आला.

त्या फाईलमध्ये ऑक्टोबर 2020 चं भागीदारी पत्र होतं. बँक फर्मला कर्ज देताना सगळ्या भागीदारांकडनं लिहून घेते की खाली सह्या करणारे आम्हीच या फर्मचे भागीदार आहोत, दुसरं कोणी नाही, आणि कोणी निवृत्त झालं तर आम्ही लेखी कळवू. खाली चार सह्या. सासूबाईंची, दिरांची, नवऱ्याची आणि माझी. म्हणजे मार्चमध्ये जिला काढली म्हणतात तिला ऑक्टोबरमध्ये कर्जासाठी भागीदार म्हणून उभी केली, वर जामीनदार म्हणून पण. एवढ्यावर थांबलं नाही, पुण्याच्या रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडनं उतारा काढला त्यात चारही नावं जशीच्या तशी, बदलाची सूचनाच दिलेली नाही, आणि पुढच्या दोन वर्षांच्या फर्मच्या रिटर्नमध्ये माझ्या भांडवलावर व्याज लावलेलं. निशाणी पाच आमच्या बाजूनं कायम झाली.

या दरम्यान 2023 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला, की संबंध पूर्ण तुटलेले असतील तर घटस्फोट देता येतो. नातेवाइकांचे मेसेज सुरू झाले की आता काय, तुझा नवरा एका दिवसात मोकळा होतोय. मॅडमनी समजावलं की तो अधिकार घटनेच्या कलम 142 खाली फक्त सुप्रीम कोर्टाचा, खालच्या कोर्टाला क्रूरता सिद्धच करून घ्यावी लागते. ज्यांना असे मेसेज येतात त्यांनी घाबरू नका म्हणून हे लिहिलं.

माझा उलटतपास 2024 मध्ये झाला. त्याबद्दल आधी कोणी काही सांगितलं तरी कमीच असतं. पिंजऱ्यात उभं राहायचं, समोर नवरा बसलेला, आणि त्याचे वकील शांत आवाजात विचारतायत, तुम्ही फर्ममध्ये एक दिवस तरी काम केलंय का. नाही. बेदाण्याच्या सौद्याला कधी गेलाय का. नाही. हळदीची प्रतवारी कशी करतात माहीत आहे का. थोडीफार. मग तुम्हाला हिस्सा कशाचा पाहिजे? मी म्हणलं, माझ्या आप्पांचे पैसे फर्ममध्ये आहेत, माझ्या सहीवर फर्मला कर्ज मिळालंय आणि फर्म बुडाली असती तर बँक माझ्याही दारात आली असती, त्याचा. साहेबांनी मान वर करून बघितलं आणि उत्तर जसंच्या तसं टाईप करायला सांगितलं. मग माझ्या आईबद्दल, माझ्या मोबाईलबद्दल, मी कोणाशी किती वेळ बोलते याबद्दल प्रश्न. ते सगळं मी इथं परत लिहिणार नाही. एवढंच सांगते की हो किंवा नाही म्हणायचं, घाई करायची नाही, आणि प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणायचं, त्यात कमीपणा नाही.

त्यानंतर त्यांचा साक्षीदार नंबर दोन उभा राहिला. मॅडमचा आवाज एवढा साधा होता की मला वाटलं गप्पाच मारतायत.

31 मार्चला तुम्ही सांगलीत कसे आलात? मोटारीनं. स्वतःच्या? हो. किती वाजता निघालात? सकाळी दहाला. तेव्हा इस्लामपुरात घराबाहेर पडायला बंदी होती हे खरं आहे का? असेल. असेल की होती? होती. तुमच्याकडं पास होता? आठवत नाही. पास काढायला अर्ज कुठं केला होता? आठवत नाही. वाटेत पोलिसांनी अडवलं का? आठवत नाही. सांगलीत कोणाच्या घरी सह्या झाल्या? ऑफिसात. ऑफिस उघडं होतं? इथं तो नवऱ्याकडं बघायला लागला, साहेबांनी सांगितलं तिकडं बघू नका, उत्तर द्या. तो म्हणाला, सह्या नंतर झाल्या असतील, मला जिथं सांगितलं तिथं मी केली.

नोटरीला त्यांनी साक्षीला बोलावलंच नाही. नोटरीचं रजिस्टर मागवा असा आमचा अर्ज पडून होता, तो मंजूर झाला त्याच आठवड्यात मॅडमनी दुसरा अर्ज पण तयार करून ठेवला, कोर्टात खोटा पुरावा दिल्याबद्दल चौकशी व्हावी म्हणून, जुन्या फौजदारी संहितेचं 340, आता नवीन कायद्यात 379. तो दाखल करायचा की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी दोन रात्री विचार केला. नवऱ्यावर गुन्हा, दिरावर गुन्हा, आणि म्हाताऱ्या सासूबाईंची पण सही त्यावर. सासूबाईंनी माझं बाळंतपण स्वतः केलंय, आत्या म्हणायची मी त्यांना. मी म्हणलं आधी त्यांना एक संधी द्या.

त्यांच्या वकिलांनीच मध्यस्थीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली. मध्यस्थीत काय बोललं गेलं ते बाहेर सांगायचं नसतं, ते मी पाळणार. जे ठरलं तेवढं सांगते. माझ्या भांडवल खात्याची रक्कम व्याजासकट, त्यावर पोटगीची एकरकमी, दागिन्यांच्या यादीची आजच्या भावानं भरपाई, सगळं डिमांड ड्राफ्टनं, निम्मं परस्परसंमतीच्या अर्जाच्या दिवशी आणि निम्मं निकालाच्या दिवशी. पोरगा माझ्याकडं, सुट्टीत बापाकडं. त्यांच्या मसुद्यात एक ओळ घुसवलेली होती की मुलाचा एचयूएफमध्ये यापुढं काही हक्क राहणार नाही. मॅडमनी ती लाल पेनानं खोडली. पोराचा हक्क जन्मानं आलेला, अज्ञान मुलाच्या वतीनं आई असा हक्क सोडूच शकत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. ज्या बायका तडजोडीला बसणार आहेत त्यांनी अशी ओळ कुठं आहे का ते शोधाच, बहुतेक वेळा ती शेवटून दुसऱ्या पानावर असते.

कलम 13ब खाली परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं असतं, पण 2017 च्या अमरदीप सिंगच्या निकालानुसार आम्ही दीड वर्षापेक्षा जास्त काळ वेगळे राहत होतो आणि सगळे वाद मिटलेले होते म्हणून ते माफ झाले. 2025 मध्ये हुकूमनामा झाला.

माझ्या दृष्टीनं खरा शेवट त्यानंतरचा. जामीन! हुकूमनामा होऊन पैसे मिळाले तरी बँकेच्या कागदावर मी अजून जामीनदारच होते, म्हणजे उद्या त्यांनी कर्ज थकवलं असतं तर मिळालेले पैसे परत त्यांच्याच कर्जात गेले असते. नवरा-बायकोनं आपसात काहीही लिहिलं तरी बँकेला ते बंधनकारक नसतं, बँकेनं स्वतः मोकळं करायला लागतं. म्हणून तडजोडीत अट घातलेली की बँकेचं जामीनमुक्तीचं पत्र आल्याशिवाय मी निवृत्तीपत्रावर सही करणार नाही. दिरांनी दुसरा जामीनदार दिला, बँकेनं पत्र दिलं, आणि मग फर्ममधून मी खरोखर निवृत्त झाले. तो मसुदा माझ्याकडं आधी चार दिवस होता. तिसऱ्या पानावर "रोखीने मिळाली" असं टाईप झालेलं, ते काढून ड्राफ्टचे नंबर घालून घेतले, प्रत्येक पानावर सहीशेजारी स्वतःच्या हातानं त्या दिवसाची तारीख लिहिली, आणि फर्ममधला बदल रजिस्ट्रारकडं दाखल केल्याची पोच येईपर्यंत दर सोमवारी सीएच्या ऑफिसला फोन करत राहिले. पोच आली, फाईलला लावली.